महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या गल्लीचं काम कसं बसवायचं

शाळेच्या फाटकासमोर फुटपाथ नाही, विरंगुळा केंद्राच्या पायऱ्यांना कठडा नाही, बागेच्या मागच्या कोपऱ्यात दिवा नाही. अशा छोट्या सार्वजनिक कामांसाठी पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक ही सोय आहे. कुणीही नागरिक क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून काम सुचवू शकतो. छाननीत टिकलेलं काम पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात येतं. एका कामाची मर्यादा आजवर ५ लाख रुपये राहिली आहे. प्रत्येक प्रभागाला वेगळी कमाल रक्कमही असते आणि ती त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेली असते.

ही कल्पना मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ सालची. तिथे लोकांनी सभेत बसून कामांचा क्रम ठरवायचा, अशी पद्धत होती. आपल्याकडे लोक सुचवतात आणि ठरवते महापालिका. हा फरक आधीच लक्षात घेतला तर पुढची चिडचिड निम्म्याने कमी होते.

आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकू. यात सोसायटीच्या, मंडळाच्या किंवा संस्थेच्या खात्यात एक रुपयाही येत नाही. अभियंता महापालिकेचा, टेंडर महापालिकेचं, बिल ठेकेदाराला. त्यामुळे नोंदणी प्रमाणपत्र, घटना, तीन वर्षांचे ताळेबंद यांची गरज पडत नाही. गरज पडते ती अशा अर्जाची, जो वाचून कनिष्ठ अभियंत्याला, म्हणजे जेईला, जागेवर एक चक्कर मारून पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज, करता येईल. ‘आमच्या भागात सुशोभीकरण व्हावे’ या वाक्याचं पूर्वगणनपत्रक जगातला कुठलाच अभियंता करू शकत नाही. दरवर्षी येणाऱ्या सूचनांपैकी पुष्कळशा इथेच गळतात.

आधी आपण नक्की कुणाच्या हद्दीत?

कॅम्प आणि खडकीचा कॅन्टोन्मेंटचा भाग पुणे महापालिकेत नाही. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं महापालिकेत आली होती, पण आता तिथे स्वतंत्र नगर परिषद आहे. २०१७ मध्ये आलेल्या ११ गावांपैकी ही दोन सोडून बाकीची ९ आणि २०२१ मध्ये आलेली गावं मात्र महापालिकेतच आहेत आणि तिथल्या लोकांनी हा अर्ज जरूर भरावा.

महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. घराजवळचं कार्यालय आपलंच असेल असं धरून चालू नका. रस्त्याची एक बाजू वारजे-कर्वेनगरमध्ये आणि दुसरी कोथरूड-बावधनमध्ये, असं सहज असू शकतं. अर्ज जातो तो जिथे काम आहे त्या कार्यालयात. तुम्ही राहता कुठे, याला इथे महत्त्व नाही. प्रभाग क्रमांक तर डोळ्यात तेल घालून तपासा. २०२५ मध्ये प्रभागरचना नव्याने झाली आहे. आता ४१ प्रभाग आणि १६५ जागा आहेत, त्यातले ४० प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. जुन्या पाटीवरचा किंवा जुन्या मतदार चिठ्ठीवरचा क्रमांक टाकला तर अर्ज भलत्याच टेबलावर जातो आणि तिथून परत फिरेपर्यंत यादी बंद झालेली असते.

काय मागता येतं

पदपथ, पदपथाचे उतार, बाकडी, पथदिवे, बस थांब्याची शेड, सार्वजनिक स्वच्छतागृहाची सुधारणा, बागेतलं छोटं काम, नामफलक आणि दिशाफलक, पावसाळी लाइनची जाळी. ही कामं एका जागी, एका वर्षात, मर्यादेच्या रकमेत पुरी होतात.

खड्डा बुजवणं, तुंबलेलं चेंबर उपसणं, बंद दिवा चालू करणं ही तक्रार झाली. ती महापालिकेच्या तक्रार ॲपवर, पीएमसी केअरवर, टाका, वर्षभर थांबायचं कारण नाही. नवा रस्ता, भूसंपादन, उड्डाणपूल ही कामं या चौकटीत येतच नाहीत. सोसायटीच्या आतला रस्ता, आतले दिवे, आतली बाग हा सर्वांत मोठा रद्द ढीग. खासगी जागेवर सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही. ‘आम्ही पण टॅक्स भरतो’ हा युक्तिवाद छाननीच्या टेबलावर रोज ऐकला जातो आणि त्याने काहीही बदलत नाही.

काही कामांत दुसऱ्याची संमती लागते. सिग्नल आणि गतिरोधक म्हटलं की वाहतूक पोलीस आले. बस थांबा म्हटलं की शहर बस चालवणारी पीएमपीएमएल. झाडाची फांदीसुद्धा काढायची असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, कारण १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा शहरी भागाला लागू आहे. अशी संमती लागणारं काम पहिल्याच वर्षी देऊ नका. देणारच असाल, तर त्या खात्याला पाठवलेल्या पत्राची पोच अर्जाला जोडा.

जागा कुणाची, हे आधी शोधा

वर्षानुवर्षं वापरात असलेला रस्ता महापालिकेचाच असतो असं नाही. उपनगरात आणि समाविष्ट गावांत हे हमखास घडतं: डांबर महापालिकेने टाकलेलं, दिवे महापालिकेचे, पण सातबारावर अजून शेतकऱ्याचं नाव. जुने लेआउट रस्ते बिल्डरने हस्तांतरित केलेलेच नसतात.

तीन गोष्टी पाहा. विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, तो रस्ता किंवा ते आरक्षण आहे का. पेठांत आणि जुन्या हद्दीत असाल तर प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं. गावठाणाबाहेर असाल तर सातबारा. सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड दोन्ही ऑनलाइन मिळतात. डीपीवरचा रस्ता ताब्यात आला आहे का, हे क्षेत्रीय कार्यालयाच्या बांधकामाकडच्या माणसाला तोंडी विचारलं तरी बहुधा कळतं. उत्तर ‘ताबा नाही’ असं आलं, तर त्या जागेचा नाद सोडा आणि त्याच परिसरातली ताब्यातली जागा शोधा. ताब्याचा गुंता तुमच्या ५ लाखांच्या कामासाठी कुणी सोडवणार नाही.

रस्त्याची रुंदीही टिपून ठेवा. साधारणपणे १२ मीटरपेक्षा रुंद रस्ते पथ विभागाकडे आणि त्याहून अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे असतात. अरुंद रस्त्यावरचं काम कार्यालयातल्या कार्यालयात सुटतं, म्हणून नवख्याने सुरुवात तिथून करावी.

मोजा, मग लिहा

३० मीटरची टेप, दोन माणसं, सकाळचा अर्धा तास. मापं मीटरमध्येच घ्या. फुटांत घेतली असतील तर ०.३०४८ ने गुणा. अंदाजे ‘शंभर फूट’ लिहू नका, कारण असे शंभर फूट जागेवर एकदा सत्तर निघतात, एकदा एकशे तीस.

जागा सांगताना ‘जोशींच्या बंगल्याजवळ’, ‘डेअरीसमोर’ नको. दुकानं बदलतात. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो लिहा. सुरुवातीचा खांब, शेवटचा खांब, आणि रस्त्याची कुठली बाजू. सोबत मोबाइलच्या नकाशातले अक्षांश-रेखांश. फोटो तीन पुरतात: दोन टोकांकडून एकेक आणि मुख्य अडचण दाखवणारा एक. पाणी साचण्याचा प्रश्न असेल तर हा तिसरा फोटो जुलैतच काढून ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात कोरड्या रस्त्याचा फोटो जोडून ‘इथे तळं होतं’ म्हटलं तर कुणाला पटत नाही.

शाळेसमोरच्या फुटपाथचा मजकूर कसा असावा, तो असा:

‘महापालिका शाळेच्या मुख्य फाटकापासून रिक्षा स्टँडपर्यंत, शाळेकडून स्टँडकडे जाताना डाव्या हाताला, दिव्याचा खांब क्रमांक अमुक ते अमुक, नवीन पदपथ करणे. लांबी ४२ मीटर, रुंदी २ मीटर. कर्बची उंची १५० मिलिमीटर, दोन्ही टोकांना व्हीलचेअरसाठी उतार. जागा महापालिकेच्या ताब्यातील ९ मीटर रुंद रस्त्यावर. मधले अडथळे: एक वीज फीडर पिलर, एक ड्रेनेज चेंबर, दोन झाडे. झाडे राखावयाची आहेत. सकाळी ७ ते ७.३० या वेळात येथून चालत जाणाऱ्या मुलांची मोजणी सोबत जोडली आहे.’

यातलं एकही वाक्य शोभेचं नाही. लांबी-रुंदीवरून जेईला लगेच ८४ चौरस मीटर ब्लॉक आणि ४२ मीटर कर्ब, म्हणजे पदपथाची उंच कडा, मिळतो. खाली १०० मिलिमीटर काँक्रीट धरलं तर ८.४ घनमीटर. रुंदी २ मीटर लिहिली, कारण भारतीय रस्ते काँग्रेसच्या पदपथाच्या निकषात चालण्यासाठी मोकळी जागा किमान १.८ मीटर लागते. फीडर पिलरने, म्हणजे विजेच्या पेटीने, पाऊण मीटर खाल्लं तर तिथे हा निकष मोडतो, म्हणून अडथळा आपणच आधी सांगितलेला बरा. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे १५० मिलिमीटर उंचीला १.८ मीटर लांबीचा उतार. ही जागा ४२ मीटरमध्येच धरलेली आहे की बाहेर, हेही सांगा. नाहीतर उतार शेवटी अर्धा मीटर लांबीचा होतो आणि त्याच्यावरून व्हीलचेअर नव्हे, फक्त दुचाक्या चढतात.

दुचाक्या अडवायला खांब लावा, अशी सूचना पुण्यात प्रत्येक दुसऱ्या अर्जात असते. व्हीलचेअरला दोन खांबांत १.२ मीटर अंतर लागतं, आणि जिथून व्हीलचेअर जाते तिथून स्कूटर बिनदिक्कत जाते. खांब मागा, पण त्याने प्रश्न मिटेल असं अर्जात लिहू नका.

५ लाखांत काय बसतं

दर महापालिका दरसूचीतून घेते, सगळे तिला डीएसआर म्हणतात. बाजारातल्या ठेकेदाराकडून आणलेलं कोटेशन इथे चालत नाही, फार तर अंदाजाला उपयोगी. मर्यादेची रक्कम जीएसटीसह आहे असं समजूनच काम आखा. कामाच्या कंत्राटावर जीएसटी १८ टक्के. ५ लाखांतून तो वजा केला की प्रत्यक्ष कामाला उरतात सुमारे ४ लाख २३ हजार. त्यातच राडारोडा वाहून नेणं, चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलणं आणि चाचण्यांचा खर्च. लोक ब्लॉकचा दर चौरस मीटरने गुणतात आणि थांबतात, मग पूर्वगणनपत्रक ७ लाखांवर गेलं की सूचना ‘मर्यादेबाहेर’ म्हणून बाजूला पडते.

काम मोठं असेल तर त्याचे तीन तुकडे करून तीन नावांनी अर्ज देण्याचा मोह होतो. छाननी करणाऱ्याला ते एका नजरेत कळतं. त्याऐवजी पहिला टप्पा असा निवडा, जो पुढचं काही झालं नाही तरी वापरता येईल. फाटकापासून स्टँडपर्यंतचे ४२ मीटर हा टप्पा आहे. रस्त्याच्या मधलेच कुठले तरी ४२ मीटर म्हणजे नुसता तुकडा.

अर्ज देण्याचा दिवस

जाहिरात साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला वर्तमानपत्रांत आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर येते. फॉर्म संकेतस्थळावर आणि क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. मुदत फार लांब नसते, आणि नेमके तेच दिवस गणपतीचे. मांडवांच्या परवानग्या, विसर्जन हौद, निर्माल्य यात निम्मं कार्यालय गुंतलेलं असतं. म्हणून मोजमाप, फोटो, सातबारा हे सगळं जुलैअखेर तयार ठेवा आणि जाहिरात आल्यावर पहिल्या आठवड्यात अर्ज द्या.

ऑनलाइन भरला तरी एक कागदी प्रत आवक-जावकला द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का आहे पण क्रमांक नाही, अशी पोच घेऊन घरी येऊ नका. पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं.

एका अर्जात एकच काम. फॉर्मवर पाच कामांच्या ओळी असल्या तरी पाचही भरल्याच पाहिजेत असं नाही. पाच कामं पाच खात्यांची असली की कागद पाच टेबलांवर फिरतो. सह्यांची जाडजूड गठ्ठी मोजमापाची जागा घेत नाही. त्या रस्त्याने खरोखर जाणाऱ्या पंचवीस जणांच्या सह्या, पत्त्यासह, पुरेत. मात्र तेच काम दहा जणांनी दहा वेगळ्या शब्दांत मागू नये, कारण यादीत ती दहा वेगळी कामं दिसतात आणि एकाही कामाला वजन येत नाही.

छाननीच्या महिन्यांत

अर्ज दिला की लोक मार्चपर्यंत वाट पाहतात. चूक इथे होते. छाननीत खात्यांचे शेरे पडतात आणि मग यादी प्रभाग समितीपुढे जाते. शेरा ‘जागा आढळली नाही’ असा असू शकतो, आणि तो दुरुस्त करायला तुमचा एक फोन पुरला असता. अर्जानंतर पंधरा-वीस दिवसांनी त्या भागाच्या जेईला भेटा आणि जागेवर यायची वेळ मागा. सोबत टेप न्या. तो म्हणाला, ‘हे ४२ नाही, ३६ बसेल,’ तर ३६ मान्य करा.

प्रभाग समितीत नगरसेवक बसतात. त्यांच्या स्वतःच्या कामांची यादी असते, महापालिकेत तिला स यादी म्हणतात. तुमचं काम तिथे आधीच असेल तर सहभागाच्या यादीतून ते वगळलं जाईल, आणि तक्रार करण्याचं कारण नाही, काम होण्याशी मतलब. नसेल, तर समितीच्या बैठकीआधी चारही नगरसेवकांना अर्जाची एकेक प्रत द्या, एकालाच नको. एकाचंच काम म्हणून शिक्का बसला की उरलेल्या तिघांना त्यात रस राहत नाही.

अंदाजपत्रक आलं, आता खरं काम सुरू

मंजूर अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आपलं काम शोधा. क्षेत्रीय कार्यालयाच्या पानांवर सहभागाची कामं वेगळी दिलेली असतात. नाव, रक्कम आणि बजेट कोड उतरवून घ्या. नावात बदल झालाय का पाहा: ‘शाळेसमोर पदपथ करणे’ याचं ‘प्रभागात ठिकठिकाणी पदपथ दुरुस्ती करणे’ झालं असेल तर लगेच लेखी हरकत द्या. ‘ठिकठिकाणी’ या शब्दात तुमचे ४२ मीटर कुठेही जाऊ शकतात.

दुसरा धोका वर्गीकरण. वर्षाच्या मध्ये एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवता येते, आणि ज्या कामाची फाइल हललेली नाही त्याचे पैसे आधी जातात. म्हणून एप्रिल ते जून या तीन महिन्यांत पूर्वगणनपत्रक तयार करून घेण्याच्या मागे लागा. पावसाळ्यात खोदकाम थांबतं, तेव्हा टेंडरची प्रक्रिया पुरी व्हावी, दिवाळीनंतर कार्यादेश निघावा आणि जानेवारीत काम उभं राहावं. फेब्रुवारीत कार्यादेश निघाला तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने ब्लॉक बसतात, कारण ३१ मार्चला तरतूद व्यपगत होते, म्हणजे न वापरलेली रक्कम रद्द होते. तसे घाईचे ब्लॉक पुढच्या जूनमध्ये डुगडुगताना दिसतात.

काम चालू असताना पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ब्लॉकची जाडी टेपने मोजा; पूर्वगणनपत्रकात ६० मिलिमीटर असेल तर जागेवर तेवढीच हवी. ब्लॉकखालची कच दाबून सारखी केली का, आणि शेवटी सांध्यांत बारीक वाळू झाडून भरली का, हे दोन टप्पे सर्वांत जास्त वगळले जातात. चेंबरचं झाकण ब्लॉकच्या पातळीला आलं पाहिजे, खाली राहिलं तर पाय अडकतो. झाडाच्या बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवायला सांगा. ठेकेदाराच्या माणसांशी वाद घालू नका, फोटो काढा आणि जेईला त्याच दिवशी पाठवा. बिल निघाल्यावर पाठवलेल्या फोटोचा उपयोग फारसा उरत नाही.

फाइल कुठे अडली हे कळेनासं झालं, तर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात ती प्रत्यक्ष पाहता येते. आधी आवक क्रमांक आणि बजेट कोड लिहून न्या. त्यानेही भागलं नाही तर माहितीचा अधिकार: अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतींना पानाला २ रुपये. ‘काम का झालं नाही?’ असं विचारू नका, त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर येतं. ‘बजेट कोड अमुकच्या कामाचं पूर्वगणनपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती द्याव्यात, तसेच या तरतुदीचं वर्गीकरण झालं असल्यास त्या आदेशाची प्रत द्यावी’ असं लिहा. कागद मागितला की कागदच द्यावा लागतो.

काम ५ लाखांत बसतच नसेल तर आमदार आणि खासदार निधी आहेत, दोन्ही सध्या वर्षाला ५ कोटी रुपयांचे. तिथे शिफारस लोकप्रतिनिधीची आणि प्रशासकीय मंजुरी जिल्ह्याची. मोजमाप, जागेचा कागद आणि फोटो मात्र हेच लागतात, तेव्हा तयार केलेली फाइल वाया जात नाही.

आणि तरतूद व्यपगत झालीच, तर पुढच्या ऑगस्टमध्ये तेच काम पुन्हा द्या. सोबत जुनी पोच, अंदाजपत्रकातल्या त्या पानाची प्रत आणि झालं असल्यास पूर्वगणनपत्रक जोडा. दर नव्या दरसूचीप्रमाणे वाढलेले असतील, म्हणून लांबी दोन-तीन मीटरने आधीच कमी करून मागा.